आंधळगावचा कोसा : विणकरांच्या मोहल्ल्यात एक फेरफटका

भंडारा जिल्ह्याचे नाव निघाले की तलाव, धान आणि पितळी भांडी या तीन गोष्टी चटकन आठवतात. चौथी गोष्ट आठवावयास थोडा वेळ लागतो, आणि ती पाहावयाची तर मुख्य रस्ता सोडून आत वळावे लागते. भंडाऱ्याहून तुमसरकडे जाणाऱ्या मार्गावर मोहाडी हे तालुक्याचे ठिकाण आहे. याच तालुक्यातील आंधळगाव हे गाव कोसा रेशमाच्या हातमागासाठी विदर्भात सुपरिचित आहे. गावाच्या नावावरून कोणी काहीही तर्क करो, येथील काम मात्र सर्वस्वी डोळ्यांचे आहे. केसासारख्या धाग्यांतून करवतीच्या दात्यांसारखे टोकदार काठ उभे करणाऱ्या माणसाची नजर क्षणभरही ढळून चालत नाही.

जुन्या वस्त्या हिंडून पाहण्याची हौस अलीकडे वाढली आहे. पुण्याच्या पेठा, नागपूरचा महाल व इतवारी, पैठणचे विणकर या निमित्ताने पुष्कळांनी पाहिलेले असतात. अशा भटकंतीत पाहणे, खाणे आणि खरेदी ही तीन अंगे असतात. आंधळगावच्या विणकर वस्तीत ती तिन्ही आहेत. पण त्यांचा क्रम मात्र येथे पाळावा लागतो. आधी पाहावे आणि मगच खरेदी करावी. कारण कोसा साडीची किंमत ऐकून प्रथम जो दचकतो, तोच मागाजवळ अर्धा तास बसला की घासाघीस करावयास संकोचतो.

रानापासून मागापर्यंत

कोसा हे मलबारी नव्हे, वन्य रेशीम आहे. तुतीच्या पाल्यावर घरात वाढविलेल्या किड्यांचे रेशीम पांढरे, मऊ आणि चमकदार असते. कोसा रेशमाचा, म्हणजेच टसरचा किडा ऐन आणि अर्जुन या झाडांची पाने खातो आणि उघड्या रानातच वाढतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या चार पूर्वेकडील जिल्ह्यांत ही झाडे विपुल आहेत. म्हणून महाराष्ट्रातील टसर उद्योग याच पट्ट्यात पिढ्यानपिढ्या टिकून आहे.

अळ्यांचे संगोपन प्रामुख्याने ढिवर समाजातील कुटुंबे करतात. एरवी तलावात जाळे टाकणारी ही मंडळी हंगामात ऐनाच्या रानात मुक्काम ठोकतात. अंड्यातून बाहेर पडलेल्या इवल्या अळ्या झाडावर सोडल्या की राखणीस सुरुवात होते. पाखरे, मुंग्या, गांधीलमाश्या, रात्री वटवाघळे असे अनेक जण या हिरव्यागार, मांसल अळीवर टपलेले असतात. एका झाडाचा पाला संपला की अळ्या दुसऱ्या झाडावर हलवाव्या लागतात. चार वेळा कात टाकल्यानंतर अळी फांदीला देठ बांधते आणि स्वतःभोवती कोष विणते. हा कोष लहानशा अंड्याएवढा व दगडासारखा कठीण असतो. पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत वर्षातून दोन किंवा तीन पिके निघतात. पाऊस लांबला, ऊन कडाडले किंवा रोग पडला तर सगळे पीक हातचे जाते. घरातील तुतीच्या किड्याला जे छप्पर मिळते, ते टसरच्या किड्याच्या नशिबी नसते.

कोष विकत आले की त्यांचा व्यवहार वजनावर नव्हे, मोजणीवर होतो. एका चांगल्या कोषातून सातशे ते हजार मीटर लांबीचा तंतू निघतो. परंतु तो इतका बारीक असतो की अनेक कोषांचे तंतू एकत्र केल्याशिवाय धागा होत नाही. एक किलो धाग्यासाठी सुमारे हजार किंवा त्याहून अधिक कोष खर्ची पडतात. एका साडीच्या अंगात ऐनाच्या रानातील कित्येक शे कोष असतात, हे ऐकल्यावर पाहुण्यांचे बोट नकळत कापडावरून फिरू लागते.

धागा काढण्यासाठी कोष सोडा घातलेल्या पाण्यात उकळतात. त्यामुळे तंतूंना चिकटवून ठेवणारा डिंकासारखा पदार्थ सैल होतो. त्यानंतरचे काम परंपरेने स्त्रियांचे. भिजलेल्या कोषांतून चार-पाच तंतू ओढून ते उघड्या मांडीवर तळहाताने वळावयाचे, ही कोसा पट्ट्यातील सर्वत्र आढळणारी जुनी रीत होय. ही रीत पाहणाऱ्याला कौतुकास्पद वाटते. करणारीच्या मांडीची कातडी मात्र वर्षानुवर्षे सोलवटत राहते. केंद्रीय रेशीम मंडळाच्या संशोधन संस्थेने छत्तीसगडमधील चांपा येथील एका उद्योजकाच्या सहकार्याने ‘बुनियाद’ नावाचे धागा काढण्याचे यंत्र तयार केले. २०१७ नंतर मांडीवरील धागाकाम बंद करून स्त्रियांना ही यंत्रे देण्याची मोहीम देशभर हाती घेण्यात आली. परंपरेतील सर्वच गोष्टी जतन करण्याजोग्या नसतात, याचे हे एक ठळक उदाहरण म्हणता येईल.

ज्या कोषातून पतंग छिद्र पाडून बाहेर पडला, त्याचा अखंड तंतू निघत नाही. असे कोष वाया मात्र जात नाहीत. त्यांचा जाडसर, गाठीगाठीचा धागा काढतात. त्याला घिचा म्हणतात. खडबडीत पोताचे, शालींसाठी व जाकिटांसाठी वापरले जाणारे जे कोसा कापड दुकानांत दिसते, त्यात बहुधा हाच धागा असतो.

करवती काठ

विणकर कोष्टी समाजाचे. ‘कोष्टी’ या शब्दाचाच संबंध कोसा या शब्दाशी जोडला जातो. पूर्व विदर्भातील कोष्ट्यांनी बारीक सुती लुगडी, धोतरे, उपरणी आणि कोसा वस्त्रे पिढ्यानपिढ्या विणली. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत या मालाला राजाश्रय होता. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली आणि स्वस्त गिरणी कापडाने हातमागाच्या सुती मालाची बाजारपेठ हळूहळू गिळली. कोसा मात्र गिरणीला सहजासहजी साधणारा नव्हता. धाग्याची असमान जाडी, त्याचे सारखे तुटणे, काठाची गुंतागुंत या अडचणीच त्याचे कवच ठरल्या.

करवती किंवा करवतकाठी साडीची ओळख तिच्या काठात आहे. साडीचे अंग कोसा रेशमाचे, बहुधा नैसर्गिक मधाळ रंगाचे. काठ सुती आणि गडद, म्हणजे लाल, काळा, हिरवा किंवा किरमिजी. अंग आणि काठ जेथे मिळतात तेथे सरळ रेघ नसते, करवतीच्या दात्यांची ओळ असते. हे दाते छापलेले किंवा भरतकामाने काढलेले नसतात. ते विणकामातच जन्माला येतात, आणि ते कसे, हे मागाजवळ उभे राहिल्याशिवाय उमजत नाही.

साध्या कापडात एकच धोटा एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे धावतो. करवती साडीसाठी तीन धोटे लागतात. डाव्या काठाचा एक, मधल्या अंगाचा एक आणि उजव्या काठाचा एक. प्रत्येक धोटा आपल्या हद्दीपर्यंत जातो, शेजारच्या धाग्याला अडकतो आणि परत फिरतो. ही अडकण प्रत्येक ओळीत एक-दोन धागे पुढे किंवा मागे सरकवली की दात्याची उतरण तयार होते. त्यामुळे काठाचा रंग अंगात मिसळत नाही, तो शुद्ध व ठसठशीत राहतो. ही अडकण चुकली तर तेथे फट पडते; ती कापड मागावरून उतरल्यावर दुरुस्त करता येत नाही. एका माणसाला तिन्ही धोटे सांभाळणे जिकिरीचे असल्याने घरातील दुसरे कोणी बाजूला बसून मदत करते. काठावरील नक्षीत देवळाच्या शिखराची आकृतीही आढळते. रामटेकच्या मंदिरांवरून ती घेतली गेली, असे सांगितले जाते.

माग बहुधा घराच्या पुढच्या खोलीत, जमिनीत खणलेल्या खड्ड्यावर बसविलेला असतो. विणकर खड्ड्याच्या काठावर बसतो, पाय आत सोडून पावड्या दाबतो. जमिनीतील ओलाव्यामुळे धागा ठिसूळ होत नाही, हा खड्ड्याचा फायदा. पावसाळ्यात त्यात पाणी झिरपले की काम थांबते, हा तोटा. ताणा घालणे, कांड्या भरणे, तुटलेले धागे सांधणे ही कामे घरातील बायका व वडीलधारी मंडळी करतात. विणकर म्हणून नोंद एकाची होते, राबते सारे घर. एका साडीला कित्येक दिवस मागावर जातात, आणि काठाचे दाते जितके बारीक तितके दिवस अधिक.

खरेदी करताना

पूर्वी या मालाचे मुख्य गिऱ्हाईक ठरलेले होते. पूजेच्या वेळी नेसावयाचा मुकटा, लग्नातील धोतर व उपरणे, सुवासिनीचे नऊवारी लुगडे. सोवळ्याची चाल मागे पडली, लुगडे सहावारी झाले, आणि आता ओढणी, कुर्त्याचे कापड, जाकिटाचे कापड असा माल मागावर चढतो. मागणी आहे, पण तिच्याबरोबर नकलाही आल्या आहेत. यंत्रमागावर कृत्रिम धाग्याने विणलेली आणि ‘कोसा’ म्हणून खपविली जाणारी साडी लांबून हुबेहूब दिसते. चीनमधून आयात होणारा टसर धागाही देशातील अनेक केंद्रांत वापरला जातो. तो रेशीमच असतो. परंतु ऐनाच्या रानात राखण करणाऱ्या ढिवराला त्यातून काही मिळत नाही.

खरा कोसा ओळखण्याच्या काही खुणा जाणकार सांगतात. त्याचा रंग एकसारखा नसतो. मधाच्या, ताकाच्या आणि तांब्याच्या छटा एकाच कापडात दिसतात. धाग्याच्या जाडीत किंचित चढउतार असतो. हात फिरवला तर तो तुतीच्या रेशमासारखा निसटत नाही, थोडा अडतो. पदराच्या टोकाचा एखादा धागा जाळून पाहिला तर केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गोळी होते. करवती काठाची परीक्षा साडी उलटी करून करावी. हातमागावरील काठाचे दाते दोन्ही बाजूंनी सारखेच स्वच्छ दिसतात. मागच्या बाजूला कापलेल्या धाग्यांची झालर असेल तर ती साडी दुसऱ्या रीतीने विणलेली आहे असे समजावे.

कायद्याचे व शासकीय खुणांचे साहाय्यही आहे. शुद्ध रेशमासाठी २००४ पासून ‘सिल्क मार्क’ आणि हातमागाच्या मालासाठी २००६ पासून ‘हँडलूम मार्क’ दिला जातो. १९८५ च्या केंद्रीय अधिनियमाने काही वस्तूंचे उत्पादन केवळ हातमागासाठी राखून ठेवले. आरंभी अशा वस्तू २२ होत्या, त्या पुढे ११ वर आल्या. साडी त्यांत आहे. ‘करवतकाठी’ या नावाला भौगोलिक निर्देशांकही लाभला आहे. म्हणजे ज्या प्रदेशात व ज्या रीतीने हे वस्त्र बनते, त्याबाहेरच्या मालाला हे नाव लावता येत नाही. यात एक व्यावहारिक गोम आहे. निर्देशांकाचा लाभ घेण्यासाठी विणकराने अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली स्वतंत्र नोंदणी करावी लागते. प्रमाणपत्र प्रदेशाच्या नावाने असले तरी साडीवर ती खूण लावण्याचा हक्क नोंदणीनेच येतो. अर्ज, कागदपत्रे आणि पाठपुरावा यांची सवय नसलेल्या घरांना येथे ग्रामपंचायतीची किंवा एखाद्या शिक्षकाची मदत फार मोलाची ठरते.

विणकराच्या दारात खरेदी केली तर मधली साखळी टळते, हे खरे. तथापि अनेक विणकर स्वतःचा धागा विकत घेऊ शकत नाहीत. ते व्यापाऱ्याकडून किंवा संस्थेकडून धागा घेतात, मजुरीवर विणतात आणि तयार माल परत देतात. अशा घरी मागावरची साडी विकत मागणे म्हणजे त्याला पेचात टाकणे होय. साडी कोणाची आहे, हे आधी विचारावे. विकत देण्याजोगी साडी नसेल तर नमुना ठरवून मागणी नोंदवावी, विसार द्यावा आणि मुदत त्यालाच सांगू द्यावी.

येथे एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. २०१९-२० च्या चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेत देशात सुमारे ३१ लाख हातमाग कुटुंबे आणि ३५ लाखांवर कामगार आढळले. त्यांतील जवळजवळ दोनतृतीयांश कुटुंबांचे मासिक उत्पन्न पाच हजार रुपयांहून कमी होते. मुलगा नागपूरला किंवा पुण्याला जाऊन कारखान्यात याहून अधिक मिळवितो. तेव्हा तो मागावर का बसत नाही, असे विचारण्यात अर्थ नाही. बसावयाचे ठरविलेच तर काय मिळेल, हा खरा प्रश्न आहे. राज्याच्या २०२३-२८ च्या वस्त्रोद्योग धोरणाने पैठणी, हिमरू, करवतकाठी, घोंगडी आणि खण या पाच पारंपरिक वस्त्रांची नावे घेऊन त्यांच्या विणकरांसाठी वेगळ्या योजना आखल्या, त्यामागे हाच विचार आहे. या योजनांसाठीही विणकराची नोंदणी व ओळखपत्र आवश्यक असते. मागावर राबणाऱ्या स्त्रियांची नावे या नोंदीत येतात की केवळ घरधन्याचे, इकडे पंचायत सदस्यांनी मुद्दाम लक्ष द्यावयास हवे.

रस्सा आणि चिन्नोर

विणकरांच्या वस्तीत जेवणाचा विषय काढला की सावजी रस्सा निघतोच. नागपूरच्या रस्त्यारस्त्यांवर ‘सावजी भोजनालय’ अशा पाट्या दिसतात. पण हा स्वयंपाक मूळचा हलबा कोष्टी घरांतला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मागाचा धंदा बसला तेव्हा नागपुरातील अनेक कोष्टी कुटुंबांनी घरचा रस्सा विकावयास काढला आणि त्यातून ही भोजनालये उभी राहिली. मागाने पोट भरेना म्हणून चुलीने भरले, असा हा इतिहास आहे. रश्श्यात खसखस, सुके खोबरे, दगडफूल, धने, मिरी आणि भरपूर लाल मिरची असते. जुन्या पद्धतीत फोडणीला जवसाचे तेल. मांसाहार न करणाऱ्यांसाठी त्याच मसाल्यातील पाटवडी किंवा डाळकांदा असतो. नवख्या माणसाने पहिल्या घासाला रस्सा बेताने घ्यावा.

भाताचे मात्र निराळे. भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने आणि मालगुजारांनी बांधलेल्या तलावांच्या आधाराने येथे धान पिकते, आणि त्यात चिन्नोर हा बारीक, सुवासिक वाण विशेष नावाजलेला आहे. ‘भंडारा चिन्नोर’ या नावालाही भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे. तिखटजाळ रश्श्यापुढे हा मऊ, सुगंधी भात म्हणजे पाहुण्याला मिळालेला दिलासाच. याच तलावांतून मासे आणि शिंगाडे येतात. हिवाळ्यात हिरव्या पोपटाच्या शेंगांची भाजी आणि लाखोळीच्या कोवळ्या पाल्याची भाजी घरोघर शिजते. ती खाणावळीत सहसा मिळत नाही. कोणाच्या घरी पान वाढले गेले तर नाकारू नये.

परिसर आणि भेटीचा काळ

एका दिवसात आंधळगाव व मोहाडी सहज होते. मोहाडीचे चौंडेश्वरी मंदिर प्रसिद्ध आहे. चौंडेश्वरी हे महाराष्ट्रातील अनेक कोष्ट्यांचे कुलदैवत असल्याने या फेरफटक्यात ते वगळणे बरे नव्हे. नवरात्रात तेथे मोठी गर्दी असते. शेजारच्या तुमसर तालुक्यात गायमुख येथे महाशिवरात्रीला यात्रा भरते. याच तालुक्यातील आंबागडचा किल्ला इतिहासप्रेमींनी अवश्य पाहावा. देवगडच्या बख्त बुलंदचा सिवनी येथील सुभेदार राजाखान पठाण याने तो सन १७०० च्या सुमारास बांधला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि त्यांनी त्याचा तुरुंगासारखा उपयोग केला. तेथील विहिरीचे दूषित पाणी पाजून कैद्यांचा शेवट करीत, अशी आठवण सांगितली जाते.

रेल्वेने येणाऱ्यास हावडा-मुंबई मार्गावरील भंडारा रोड हे स्थानक सोयीचे. ते वरठी येथे, म्हणजे मोहाडी तालुक्यातच आहे. मोटारीने नागपूरहून भंडारा सुमारे साठ किलोमीटर पडते व तेथून तुमसरचा रस्ता धरावा लागतो. भर पावसाळ्यात अनेक खड्डा माग बंद असतात आणि सणासुदीला विणकर विसाव्यावर असतो. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. तेव्हा रानात हंगामातील शेवटचे कोष उतरलेले असतात आणि लग्नसराईचा माल मागावर असतो. सहल घेऊन येणाऱ्या शिक्षकांनी तुकडी लहान ठेवावी, कारण मागाच्या खोलीत पाच-सहांहून अधिक मुले मावत नाहीत, आणि ताण्याला एखाद्याचा धक्का लागला तर तुटलेले धागे सांधण्यात विणकराची दुपार जाते.